वेइक्को काय म्हणाले

लुमिलाम्पी गावात माणसांपेक्षा तळी जास्त होती आणि उरलीसुरली माणसं तळ्यांच्या काठानं एकेकटी राहायची. त्यातल्या म्हाताऱ्या वेइक्कोंना सांभाळायला हर्षदा चिपळूणहून आली, तेव्हा पालिकेनं तिच्या कानात दुभाषी यंत्र बसवून दिलं. समोरच्याचा आवाज पुसून ते त्याचं बोलणं मराठीत ऐकवायचं. ज्याच्या त्याच्यासाठी हवा तो आवाज निवडता यायचा. परक्या मुलखात करमेना, म्हणून वेइक्कोंसाठी तिनं आपल्या वारलेल्या आप्पांचा आवाज निवडला.

वेइक्को गेले. गावात फिनिश बोलणारे ते शेवटचे होते. बाकी सगळे हर्षदासारखेच बाहेरून आलेले. वेशीवरच्या पाटीवर मात्र अजूनही 'भाषा : फिनिश' असंच होतं.

दफनाला स्वीडनहून नात आली, मारित. तिच्याही कानात तसंच यंत्र होतं.

"शेवटी काही बोलले का आजोबा?"

"हो. म्हणाले, तळं नुकतंच गोठलंय, जपून जा गं पोरी."

"अर्थ नको. त्यांच्या शब्दांत सांगा ना. आमच्याकडे कुणालाच फिनिश येत नाही. एक वाक्य तरी घरी घेऊन जाते. तुम्ही तर रोज ऐकत होतात."

हर्षदानं आठवून पाहिलं. वेइक्कोंचे हलणारे ओठ तिला लख्ख दिसले, पण आवाज आप्पांचाच आला. एखाद्या संध्याकाळी तरी ते यंत्र काढून ठेवायला हवं होतं.

"मी त्यांना कधी ऐकलंच नाही हो," ती म्हणाली.

मारितनं मान खाली घातली. तिच्या कानात ते कुणाच्या आवाजात पोचलं, कोण जाणे.