साहेबांच्या खोलीतली हवा

लोखंड वितळवणाऱ्या कारखान्याच्या मॅनेजरसमोर शिवणकाम करणारी बाई उभी राहिली, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. समोरच्याच गल्लीत तिची लेक दम्याने बेजार होती, आणि चिमणीतली धूळ पकडणारं यंत्र दिवसाढवळ्या बंद होतं.

"वीज केवढी खातं ते!" मॅनेजर म्हणाला. "आणि धूर दिसतोय का कुठे?"

"दिसत नाही इतकी बारीक धूळ असते, म्हणूनच थेट छातीत उतरते. पोरांनी श्वास घ्यायचं सोडून द्यावं का? तुमच्या खोलीत बरं हवा गाळायचं यंत्र चालू आहे!"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या त्या यंत्रातून शिट्टीसारखा श्वास ओढल्याचा आवाज आला. मग खोकला.

बाईने तो आवाज लगेच ओळखला. तो खोकला तिच्या लेकीचा होता. पण लेक तर घरी आजीजवळ होती.

"फिल्टर तुंबला असेल," म्हणत मॅनेजरने बटण बंद केलं. आवाज थांबेना. त्याने वायर उपटली. तरीही श्वास ओढला जातच होता, आता जास्त घाईने.

बाईने घरी फोन लावला.

"झोपलीये गं," सासू म्हणाली. "खोकला एकदम गेला बघ. छाती अगदी मोकळी."

यंत्र गप्प झालं. मॅनेजरने घाम पुसला आणि रखवालदाराला हाक मारायला तोंड उघडलं.

"आई," त्याच्या तोंडून पोरीचा आवाज आला, "इथे खूप अंधार आहे गं."