नववा प्रश्न

महिनाभर दारोदार फिरून गावच्या आरोग्यसेविका, आशाताई शैलाचे पाय भरून आले होते. गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईला तब्येतीचे तेच प्रश्न विचारायचे आणि कागदावर हो किंवा नाही लिहायचं. मंजुळाबाई आठ प्रश्नांना भरभरून बोलल्या. छातीच्या बोंडातून पाणी किंवा रक्त येतं का, या नवव्या प्रश्नाला मात्र लगेच म्हणाल्या, "नही वं माय."

शैलानं पेन खाली ठेवलं. "अक्का, न दाबता येतं ना? एकाच बाजूनं, तांबूस? आतून फडकं लावावं लागतं?"

मंजुळाबाईंचा हात पदराशी गेला. "पन दुखत नही ना. कापूस येचाई जाऊ दे, मंग दखू."

"दुखत नाही म्हणूनच बायका अंगावर काढतात. वाईटच असेल असं नाही, पण ते डॉक्टरांनी सांगायचं. उद्या सकाळच्या एसटीनं धुळ्याला जाऊ. मी येते सोबत."

"तुले फडकानं कसं समजनं?"

शैला थकल्यासारखी हसली आणि नवव्या प्रश्नापुढे 'हो' लिहून तिनं कागद पिशवीतल्या गठ्ठ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीतल्या बाईंनी मंजुळाबाईंचं नाव लिहून घेतलं.

"अजून एक केसपेपर द्या," शैला म्हणाली. मग तिनं पिशवीतल्या गठ्ठ्याच्या तळाचा, सगळ्यांच्या आधी भरलेला स्वतःचा कागद काढला आणि नवव्या प्रश्नापुढचं 'नाही' खोडलं.