नांगराचा दोर

गळाच्या स्पर्धेत माझीच मरळ सगळ्यांत मोठी होती आणि शिट्टी वाजायला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात शेजारच्या डोंग्यातल्या घुग्घुसवाल्या अंकुशच्या गळाला दांडगी मरळ लागली आणि थेट माझ्या डोंग्याखाली घुसली. तिथं माझ्या नांगराच्या धोंड्याचा दोर ताणलेला होता. त्याला एक वेढा पडला की अंकुशच्या गळाचा तंगूस तुटणार आणि मी जिंकणार. मला नुसतं बसून राहायचं होतं. "गेली, भाऊ, गेली!" अंकुश ओरडला. धोंडा ओढायला वेळ नव्हता. मी कोयत्यानं दोरच कापला. डोंगा वाऱ्यानं भरकटू लागला. अंकुशनं मरळ वर घेतली. माझ्या मरळीपेक्षा मोठीच होती. "काऊन कापला, भाऊ?" "मंग दोराच्या भरोशावर जिंकू काय?" मी खेकसलो. त्यानं आपल्या दोराचं टोक माझ्याकडं फेकलं. "बांधा डोंगा, टाका गळ. शिट्टी वाजाची हाये अजून."