कुणाचा धूर

"कोट आत नको गं आणूस!" देल्गेरमावहिनीनं दारातच नाकाला रुमाल लावला. "पडद्यांना धुराचा वास बसतो."

ओयुननं आपला आणि सहा वर्षांच्या मिशीलचा कोट जिन्याच्या कठड्यावर टाकला. मिशील खोकत होती. दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता. टेकडीवरच्या तंबूंच्या वस्तीत, त्या धुरात पोरीला हा हिवाळा काढायला लावू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून ओयुन उलानबातर शहराच्या मध्यवस्तीत, भावाच्या फ्लॅटवर आली होती. थंडी सरेपर्यंत लेकीला ठेवून घ्या, एवढंच मागायला.

आत भाऊ नुसत्या बनियनवर बसला होता. बाहेर पाणी फेकलं तर गोठेल अशी थंडी, आणि खिडकी सताड उघडी.

"वहिनी, खिडकी?"

"अगं, उकडतंय. घर तापवणारे हे गरम पाण्याचे नळ आम्हाला कुठे कमी करता येतात? सगळं वीजघरातून येतं." देल्गेरमानं ओयुननं आणलेली सुक्या दह्याच्या वड्यांची पिशवी दोन बोटांत धरली आणि गॅलरीत टाकली. "तुमच्या त्या चुली बंद करा बाई एकदाच्या. अख्ख्या शहराला काळं फासलंत. आमच्याकडे बघ. ना धूर, ना राख."

त्याच वीजघराची धुरांडी ओयुनच्या तंबूमागे होती. तिच्या चुलीत बादलीभर कोळसा जळायचा. वीजघरात कोळशाच्या मालगाड्या रिकाम्या व्हायच्या.

"राख आहे की. ती आमच्या अंगणात पडते," ती म्हणाली. "कोळसा आमच्या दारात जाळायचा, ऊब खिडकीतून फेकून द्यायची, आणि वर नाक आमच्यापुढे धरायचं?"

"ऐकलंत?" देल्गेरमा नवऱ्याकडे वळली. "आलीये मागायला, आणि तोंड बघा!"

भावानं टीव्हीचा आवाज वाढवला.

ओयुनला त्याचीच जास्त किळस आली. तिनं पोरीला कोट चढवला आणि जिना उतरू लागली. ह्या घरातलं पाणीसुद्धा नको, असं तिला झालं होतं.

खालचं दार उघडलं तसा धुरकट वारा आत घुसला. मिशीलला ढास लागली. थांबेचना. भिंतीला धरून ती खाली बसली. ओठ निळे पडले.

ओयुननं दार ओढून घेतलं. ढास बसेपर्यंत ती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिला उचलून पुन्हा वर गेली. बेल वाजवली.

देल्गेरमानं दार उघडलं. ओयुननं मान खाली घातली.

"मिशील गुणाची आहे, वहिनी," ती म्हणाली. "तिला सगळं चालतं."