नकटीचं नाक

"दारं-खिडक्या सगळ्या लावल्यास ना गं, नकटे?" बाबांनी गच्चीवरून ओरडून विचारलं.

"लावल्यात. ओता तुम्ही. आणि कठड्याला धरून राहा."

कठडा धरला तर किटली कशाने धरू, असं काहीतरी बाबा पुटपुटले. मग ड्रेनेजच्या उभ्या पाइपाच्या तोंडात त्यांनी पेपरमिंटचं तेल ओतलं, त्यामागून उकळतं पाणी ओतलं आणि वरून ओलं फडकं कोंबलं. आता ती वाफ पाइपातून खाली उतरणार आणि घरात जिथे फट असेल तिथून बाहेर पडणार. गटाराचा वास घरभर पसरतो, पण कुठून येतो ते काही कळू देत नाही. पेपरमिंट मात्र चहाडी करतं. पथ्य एकच. तेल ओतणाऱ्याच्या हाताला वास लागलेला असतो, म्हणून फट सापडेपर्यंत त्याने घरात पाऊल टाकायचं नाही. आत हुंगायला दुसरं माणूस हवं.

लहानपणी ते दुसरं माणूस म्हणजे ही लेकच असायची. बाबा प्लंबर. शाळेला सुट्टी असली की त्यांच्या सायकलवर मागे बसून ती कामाला जायची. नाक चेहऱ्यावर शोधावं लागेल एवढंसं, पण भलतंच तिखट. एका घरातल्या बाई ठासून सांगत होत्या की वास शेजारच्यांकडून येतो. आठ वर्षांची नकटी त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या नव्याकोऱ्या फरशीवर जाऊन उभी राहिली आणि बाबांनी एका शब्दाने न विचारता त्या फरशीवर छिन्नी ठेवली. खाली पाइप फुटलेला निघाला.

आता बाबा शहात्तर वर्षांचे होते आणि त्यांचं स्वतःचं नाक दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं होतं. पंधरा दिवस घरात गटाराचा वास मारत होता आणि यांना पत्ता नव्हता. शेजारणीने फोन केला तेव्हा लेक धावत आली. गेल्या महिन्यात दूध करपून पातेलं जळालं, तेही आधी शेजारणीलाच कळलं होतं. सकाळी चहा घेताना दोघांचं ठरलं. आज वास सापडला तर बाबा इथेच राहणार. नाही सापडला तर उद्याच्या गाडीने तिच्याकडे, कायमचं. तिने त्यांच्यासाठी खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती.

बाथरूमच्या जाळीपाशी काही नव्हतं. सिंकखाली भिजलेल्या लाकडाचा वास होता, तेवढाच. संडासातही ठीक होतं.

"आला का गं?" मागच्या अंगणातून आवाज आला. बाबा धडपणे खाली उतरले होते. तिला हायसं वाटलं.

"नाही अजून."

"घाई करू नकोस. तोंड मीट आणि दमाने घे."

पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटापाशी ती थबकली. कपाटामागून पेपरमिंटचा बारीकसा, थंडगार वास येत होता. बाबांच्या हातांचा वास. कामावरून आले की ते तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, तेव्हाचा. तिला एकदम रडू येईलसं वाटलं. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की हे फक्त तिलाच ठाऊक आहे. 'नाही' म्हटलं की काम झालं. शेजारणीचा नंबर फोनवर दिसला की छातीत धस्स होणं कायमचं थांबलं असतं. बाबांना तपासून बघता येणारच नव्हतं. ती म्हणेल ते बाबा खरं मानणार होते, आणि हीच तर पंचाईत होती.

"नकटे? आला का?"

"आला," ती म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला. "चपलांच्या कपाटामागे."

 बाबा हात पुसत आत आले. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. भिंतीवर, गुडघ्याच्या जरा वर, गिलाव्याचा पोपडा निघाला होता आणि त्यातून कुजक्या चिंधीचं टोक लोंबत होतं. बाबा बघतच राहिले.

इथे तिचं बेसिन होतं. तिला स्टुलावर चढायला लागू नये म्हणून तिच्या उंचीला बसवलेलं. ती वाढली तेव्हा बाबांनी ते काढलं, फूटभर वर घेऊ म्हणून. पाइपात तात्पुरती चिंधी कोंबली, वर तात्पुरता गिलावा फासला. मग लोकांच्या घरची कामं निघत गेली आणि आईने बोलून बोलून शेवटी तिथे चपलांचं कपाट आणून ठेवलं.

"दुसऱ्या कोणी हे असं ठेवलं असतं ना," बाबा म्हणाले, "तर त्याची बिनपाण्याने केली असती मी."

"पस्तीस वर्षं झाली, बाबा."

"राहून गेलं गं." ते खाली बसले आणि चिंधी ओढून काढू लागले. "बूच मारून टाकतो. दहा मिनिटांचं काम. तू उद्या निवांत जा."

ती त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. शर्ट खांद्यांवर ढगळ झाला होता.

"बूच नको. बेसिन बसवा."

"आता कोणासाठी? अगं, बेसिन वापरात असावं लागतं. महिनाभर पाणी गेलं नाही की खालच्या वळणातलं पाणी सुकतं आणि परत घरभर वास. मला तर कळणारही नाही."

"मग महिन्याच्या आत येत जाईन मी. हात धुवायला."

 बाबा भिंतीचा आधार घेत उठले आणि खिशातून पेन्सिल काढली.

"टाचा भिंतीला लाव," ते म्हणाले. "आणि ताठ उभी राहा."