खिडकीतले हात

मंगळवारी जपानमधल्या एका बेटावरचा विमानतळ कायमचा बंद झाला. जाऊ द्या, तसं काही झालंच नाही.

आजही कुणी प्रवासी चढला नाही तर कुलूप, असा वरून हुकूम होता. आणि विमान रिकामंच निघालं. तरी रिवाजाप्रमाणे फुमिए आणि तिचे म्हातारे साहेब इसोबे-सान धावपट्टीच्या कडेला उभे राहून त्याला हात हलवत होते.

"जोरात हलव गं, खुर्च्यांना वाईट वाटेल," इसोबे-सान म्हणाले.

तेवढ्यात प्रत्येक खिडकीतून एकेक हात हलू लागला.

"इसोबे-सान, विमान फुल्ल! वाचलो!" फुमिए नाचायलाच लागली.

विमान उडालं. हात मात्र खालीच राहिले, धावपट्टीवर अधांतरी, ओळीने, आनंदाने हलत.

फुमिएने धावत जाऊन माईक धरला. "प्रवाशांना नम्र विनंती, मोजणीसाठी कृपया उरलेल्या अंगासह हजर राहावे."