नेरेउसची सत्तेचाळिसावी लेक

उंबरठ्यावर डुलक्या घेणाऱ्या नेरेउसला किमोथोएने मागून गच्च मिठी मारली. ग्रीकांच्या समुद्राचा हा म्हातारा देव निसटण्यात मोठा पटाईत. धरला की भराभर रूपं बदलायचा. पण जो शेवटपर्यंत धरून ठेवेल, त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा, आणि खोटं बोलणं तर त्याला जन्मात जमलं नाही. लहानपणी पन्नास बहिणींचा हा रोजचा खेळ होता.

त्या पन्नासांत किमोथोए सत्तेचाळिसावी. बापाने तिला कधी हाक मारलीच, तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने. लग्न होऊन दूरच्या खाडीत जाऊन हजार वर्षं झाली, तरी ते सलत होतं.

म्हातारा साप झाला. मग जाळ झाला. पाण्यात जाळ कसा पेटतो ते त्यालाच ठाऊक. मग सिंह झाला.

"अहो, तोंडात दात नाहीत, सिंह कसले होताय!" आतून आई डोरिस ओरडली.

शेवटी दमून तो पुन्हा बाप झाला.

"बाबा, माझं नाव काय?"

त्याने डोळे बारीक करून तिचा चेहरा न्याहाळला. "नाही गं आठवत."

तिचे हात सैल पडले.

"पण सिंह झालो की बाकीच्या किंचाळत आईकडे पळायच्या," म्हातारा म्हणाला. "तू एकटी आयाळीत तोंड खुपसून झोपायचीस. तुझी झोप मोडू नये म्हणून मी तासन्‌तास सिंहच राहायचो."

नाव सांगायचं किमोथोएच्या मनातही आलं नाही. ती जवळ सरकली.

"मग व्हा ना परत."